बाईंच्या खुर्च्या

आमच्या बाईंच्या ऑफिसात माणसं मावायची नाहीत, इतक्या खुर्च्या होत्या. आणि त्यातली एकही दुसरीच्या जोडीची नव्हती. जुन्या बाजारातून आणलेली वेताची एक, बंद पडलेल्या टॉकीजची दुमडणारी एक, दातांच्या डॉक्टरने काढून टाकलेली मागे रेलणारी एक. शिवाय लग्नाच्या मंडपातली लाल मखमलीची, सोनेरी हातांची एक. ती कुठून आली ते बाईंनी मला कधीही सांगितलं नाही आणि मीही वकील असल्यामुळे फार खोदून विचारलं नाही. तिच्यात बसायची पाळी आली की पन्नाशीची बाईसुद्धा उगाच पदर सारखा करायची.

ऑफिस शिवाजीनगर कोर्टामागच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर होतं. आमचे अर्ज कोर्टात लांबून ओळखू यायचे, कारण त्यांच्यावर ज्वारीचं पीठ असायचं. एका कारकुनाने एकदा मला विचारलं, “मॅडम, हे दाखल करू की मळू?” पुण्यात राहायचं तर असं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. मी जन्मापासून इथलीच, नारायण पेठेतली, त्यामुळे मी ऐकून घेत नाही, परत करते. त्याला म्हटलं, “आधी दाखल करा, मळायचं काम तुमच्याकडे आपोआप होतंच.”

मी बाईंकडे ज्युनियर म्हणून लागले ती काही ध्येयाने वगैरे नाही. मला दुसरीकडे कुणी घेतलं नाही. हे सांगायची मला लाज वाटत नाही, ज्यांनी घेतलं नाही त्यांना वाटली पाहिजे. पहिल्या दिवशी बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बसा.”

मी बसले.

“लगेच बसलात,” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच म्हणालात बसा.”

“हो. पण तुम्हाला विचार करावा लागला नाही. बरं, उद्यापासून या.”

हा माझा गुण धरला होता की दोष, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पगाराचं, कामाचं, माझ्या मार्कांचं काहीएक बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ‘पुणेकर’ झाले. नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. “अहो पुणेकर, ती फाईल द्या.” “अहो पुणेकर, न्यायाधीशांसमोर तरी जरा गोड बोला.”

बाई स्वतः वाशीमकडच्या. सावळ्या, उंच, हाडापेराने भक्कम. कडक इस्त्रीची सुती साडी, तिच्यावर काळा कोट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेत पी.टी.ला घालतात तसे. कोर्टात त्यांचं मराठी इतकं प्रमाण की मला माझं तपासून घ्यावंसं वाटायचं. पण गावाकडचं कुणी आलं किंवा राग आला की त्या एका श्वासात वऱ्हाडीवर यायच्या. मग ‘मी करतो’, ‘मी जातो’, ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ सुरू. समोरच्या वकिलांना अर्धं कळायचं नाही आणि तेवढ्यात बाई मुद्दा मांडून खाली बसलेल्या असायच्या.

पुण्यात माणसाला आधी आडनाव विचारतात. सरळ जात विचारणं असभ्य, म्हणून आडनाव विचारायचं, अशी आमची सभ्यता आहे. बाईंना कुणी विचारलं, “आपलं आडनाव काय म्हणालात?” की बाई म्हणायच्या, “वकील.” “नाही, म्हणजे मूळचं?” “मूळची विद्यार्थिनी होते.” एवढ्यावर बहुतेक लोक थांबायचे. माझी आत्या थांबली नाही. ती गल्ली विचारत ऑफिसात आली, म्हणाली, मी हिची आत्या, हिला कुठे नोकरी लागलीय ते बघायला आले. मग गावाचं नाव काढलं, गावातून वस्ती काढली, वस्तीतून जे काढायचं होतं ते काढलं. बाईंनी सगळी खरी उत्तरं दिली. वर दातांच्या डॉक्टरची खुर्ची दिली आणि मागचा खटका ओढला. आत्या झोपल्यासारखी मागे गेली. “आता काय ते बोला,” बाई म्हणाल्या. छताकडे बघत माणसाला कुणाच्या जातीवरून काही सुनावता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. आत्या परत आली नाही आणि मला घरी फार बरे दिवस आले.

आमच्याकडे यायच्या त्या बायका धुणीभांड्यावाल्या, ऑफिसं झाडणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या. हडपसर, धायरी, मांजरी, कुठून कुठून दोन बस बदलून यायच्या आणि दारातच फरशीवर टेकायच्या. दहा घरी काम करून अंगात मुरलेली सवय. समोर सोफा असला तरी नजर फरशीच्या कोपऱ्याकडे.

“वर बसा,” बाई म्हणायच्या.

“नको बाई, हितंच बरं हाय.”

“बरं.” असं म्हणून बाई स्वतः फरशीवर बसायच्या. ‘बसायच्या’ म्हणायला सोपं आहे. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. एक हात टेबलाला, एक माझ्या खांद्याला, तोंडाने ‘आई गं’ आणि शेवटी धप्प. उठताना तर त्या पक्षकारबाईने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने उचलायचं. पुढच्या खेपेला ती बाई आल्या आल्या मुकाट्याने खुर्ची ओढायची. नको रे देवा ते उचलणं. कुणी म्हणेल हे नाटक होतं. नाटकच होतं, पण गुडघे खरे होते.

याचं कारण काय असावं यावर कोर्टात बरेच सिद्धान्त होते. कुणी म्हणे लहानपणी शाळेत बाहेर बसवलं असणार, कुणी म्हणे आई कुठल्या वाड्यावर झाडलोट करायची. मी एकदा सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, “पुणेकर, उभा माणूस अर्ध्या वाक्यात बोलतो. त्याला जायचं असतं, नाहीतर त्याला घालवायचं असतं. बसला की वाक्य पूर्ण होतं. मला केस लिहायला पूर्ण वाक्यं लागतात. यात रडण्यासारखं काही नाही, तुम्ही उगाच डोळे भरून बघू नका.” माझे डोळे भरले नव्हते. गिरणीचं पीठ गेलं होतं.

पुणेरी पाट्यांवर बाईंचा फार जीव. मूळ पुणेकरांना पाटी लावायची म्हणजे कुणाला तरी घालवायचं असतं. बाईंनी जिन्याशी लावली होती: ‘येथे उभे राहू नये. वर येऊन बसावे.’ गिरणीवाले खवळले, कारण दळणाला आलेली गिऱ्हाइकं डबा ठेवून वर येऊन बसू लागली. त्यातल्या एका आजींनी बसल्या बसल्या सुनेविरुद्ध सल्ला मागितला. बाईंनी त्यांचं नीट ऐकून घेतलं आणि सल्ला सुनेला कळवला.

धायरीच्या एका सोसायटीतली गोष्ट तर अजून तिथले लोक सांगतात. कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, असा ठराव झाला होता. तिथे वरच्या मजल्यावर काम करणारी एक बाळंतपणातून नुकती उठलेली पोरगी आमच्याकडे आली. मी नोटीस तयार केली. चांगली झणझणीत. बाईंनी ती वाचली, छान आहे म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. मग मला घेऊन त्या सोसायटीत गेल्या. चेअरमन राहायचे सगळ्यात वर. वॉचमन लिफ्टचं दार उघडून उभा. बाई म्हणाल्या, “मी कामाला आलेय. कामाला आलेल्या बाईने लिफ्ट वापरायची नाही ना?” आणि जिना चढायला लागल्या.

प्रत्येक मजल्यावर बाई पायरीवर बसल्या. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दार उघडून विचारलं, “काय झालं हो?” प्रत्येकाला त्यांनी पाणी मागितलं आणि शांतपणे काय झालं ते सांगितलं. काळा कोट घातलेली, धापा टाकणारी वकीलबाई आपल्या दारात पाणी पितेय म्हटल्यावर लोक स्टूल आणायला लागले, कुणी पंखा दारात आणून लावला. आम्ही चेअरमनच्या दारात पोचलो तेव्हा मागे अर्धी इमारत होती आणि चेअरमनच्या बायकोने नवऱ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की नोटिशीची गरज उरली नाही. ठराव गेला. येताना बाई लिफ्टने उतरल्या. माझी नोटीस मात्र वाया गेली याचं मला वाईट वाटलंच.

आता वच्छलाताईंची केस.

हडपसरला तेव्हा उसाच्या जागी काचा उगवत होत्या. त्यातल्याच एका काचेच्या इमारतीत, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, वच्छलाताई ठेकेदारामार्फत झाडलोटीला होत्या. त्याला ‘हाऊसकीपिंग’ म्हणायचे. त्यांचं गाव बाईंच्याच बाजूचं. स्वतः चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला अगदी मोजक्या. कंपनीतली पोरंपोरी वाईट नव्हती असं त्या स्वतःच सांगायच्या. ताई म्हणायची, वाढदिवसाचा केक द्यायची. खाताना उभं राहायचं एवढंच. हाऊसकीपिंगच्या बायकांनी मजल्यावर कुठंही बसायचं नाही असा दंडक होता. दमलं तर बाथरूमच्या मागे, फिनेलच्या कॅनवर.

एक दिवस वच्छलाताईंना ताप होता. मीटिंगची खोली पुसून झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या रिकाम्या. त्या एकीवर बसल्या. तेवढ्यात कुणी मॅनेजर आला आणि त्याने बघितलं. तसाच मागे फिरला. संध्याकाळी ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीच्या काचेवर त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. खाली लाल अक्षरात: प्रवेश बंद.

त्या फोटोने घात केला. त्याच गेटातून त्या आवारातल्या सगळ्या कंपन्यांत जायचं, म्हणजे दुसरीकडेही काम नाही. आणि वस्तीतल्या निम्म्या बायका त्याच गेटातून रोज आत जाणाऱ्या. फोटो लागलाय म्हणजे काहीतरी चोरलं असणार. खुर्चीवर बसल्याबद्दल कुणी फोटो लावतं का? लोकांना ते पटेचना, आणि खरं सांगायचं तर पटण्यासारखं नव्हतंच. घरमालकीण भाड्याची खोली सोडायला सांगू लागली. शेजारीण पाणी भरायला गेली तर दाराला कुलूप लावून जायला लागली, जी आधी कधी लावत नव्हती.

“मले माहं काम पाह्यजे,” वच्छलाताई बाईंना म्हणाल्या, “अन् तो फोटो उतरवून पाह्यजे. आधी फोटो.”

कंपनी म्हणाली, ही आमची कामगारच नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, तक्रार कंपनीची, मी काय करू? ही पद्धत आता सगळ्यांना पाठ झाली आहे, तेव्हा नवीन होती. बाईंनी दोघांनाही कामगार न्यायालयात खेचलं. प्रतिज्ञापत्र झालं, उलटतपासणीची तारीख लागली आणि तालमी सुरू झाल्या.

बाईंची पद्धत अशी, की पक्षकाराने काय बोलायचं ते कधीच सांगायचं नाही. “खरं काय ते तिला माहीत आहे, मला कशाला शिकवायला पाहिजे?” फक्त सवय करायची. मी न्यायाधीश व्हायची आणि बाई समोरच्या पक्षाच्या वकील व्हायच्या. इतक्या वाईट वकील व्हायच्या की मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. “खोटं बोलता तुम्ही! तुम्हाला आळशीपणाची सवय आहे!” वच्छलाताई पहिल्यांदा रडल्या, मग गप्प राहिल्या, मग वेताच्या खुर्चीत रेलून, हातावर हात ठेवून, एकेक वाक्य असं पूर्ण करायला लागल्या की बस्स. बाई खूश. जाताना ताई गिरणीवाल्याला सुद्धा नमस्कार करून गेल्या.

आणि कोर्टात सगळं ओम फस्स.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं असतं. हे मला माहीत होतं, बाईंचे तर वकिलीत केस पांढरे झालेले. वच्छलाताई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांचं तोंड जे बंद झालं ते बंद. समोरचा वकील अगदी गुळगुळीत माणूस, आवाज मऊ, टेबलावर लॅपटॉप. त्याला ओरडायची गरजच पडली नाही.

“तुम्ही खुर्चीवर बसलात?”

“बसली, पण...”

“परवानगी घेतली होती?”

“नाई, ते...”

“धन्यवाद.”

एकेक अर्धं वाक्य टाइप होत होतं. मी बाईंकडे बघितलं.  त्या उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, साक्षीदाराला बसायला खुर्ची मिळावी, अशी विनंती आहे.”

न्यायाधीश चांगले गृहस्थ होते, पोटात कायम काहीतरी दुखत असल्यासारखा चेहरा, पण माणूस सरळ. म्हणाले, “द्या.” शिपायाने खुर्ची पिंजऱ्यात ठेवली. वच्छलाताई बसल्या आणि नाहीशा झाल्या. पिंजऱ्याचा कठडा उंच, ताई ठेंगण्या. अंबाड्यातला गजरा तेवढा वर दिसत होता.

“साक्षीदार कुठे आहेत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“आत आहेत साहेब,” शिपाई म्हणाला.

समोरचा वकील गजऱ्याला म्हणाला, “तुमचं म्हणणं असं आहे का, की...” आणि त्यालाच हसू आलं. कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, मला साक्षीदाराचा चेहरा दिसला पाहिजे. त्यांना उभं राहावं लागेल.” यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली आणि उरलेली तपासणी पुढच्या तारखेला गेली.

आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, “मी हिला खुर्चीत वाढवली. बाप्पा, काहून सुचलं नाही मले? चूक माही हाये, पुणेकर.” त्यांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली. मी त्यांच्या हातातली फाईल घेतली. 

समोरच्यांना रक्ताचा वास लागला होता. दोन दिवसांत निरोप आला: तुमच्या पक्षकारबाईने लेखी माफी मागावी, आम्ही फोटो उतरवतो आणि मांजरीच्या दुसऱ्या इमारतीत काम देतो. बाईंनी वच्छलाताईंना बोलावून हे जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं मत सांगितलं नाही. तो त्यांचा नियम होता, केस पक्षकाराची असते. पण टेबलाखाली कॅनव्हासचा बूट ताडताड आपटत होता, तो मला ऐकू येत होता.

“माफी कायची?” वच्छलाताईंनी विचारलं.

“बसल्याची.”

वच्छलाताई खिडकीतून खाली बघत राहिल्या. गिरणीचा पट्टा फडफडत होता. “फोटो उतरन, बरोबर हाये,” त्या म्हणाल्या. “पण मंग लोकं काय म्हनतीन? चोरलं होतं म्हनूनच माफी मांगतली. फोटो काचेवरून निंघन अन् माह्या तोंडावर चिकटन. मी नाई मांगत.”

“हरलात तर काहीच मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “काम नाही, फोटो तसाच. आणि सध्या आपण हरतोय. हे नीट समजून सांगा.”

“समजलं. तुमी मले उभं राहून बोलाले शिकवा.”

आणि मग आमच्या ऑफिसात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. बाईंनी खुर्च्या भिंतीला लावल्या, एकावर एक, मखमलीचीसुद्धा. मधल्या मोकळ्या जागेत वच्छलाताई उभ्या आणि समोर बाई उभ्या. रोज दुपारी. मी न्यायाधीश म्हणून स्टुलावर बसायची, कारण न्यायाधीश बसतात. पहिल्या दिवशी वच्छलाताईंचं एक वाक्य पूर्ण होईना. बाई ओरडत होत्या, वाट बघत होत्या, परत ओरडत होत्या. बाईंचे गुडघे फुगून साडीवरून दिसायला लागले.

“अहो तुम्ही तरी बसा!” मी शेवटी भडकले. “वकील उभे राहून विचारतात, हे तिने कोर्टात पाहिलंय! तालीम आहे ही! तुमचे पाय गेले तर पुढच्या तारखेला मी काय करू, तुम्हाला हातगाडीवर घालून नेऊ?”

“पक्षकार उभी आणि मी बसलेली?” बाई म्हणाल्या. “मी काय तिच्या कंपनीची मॅनेजर आहे? न्यायाधीशांनी मध्ये बोलू नये.”

मला इतका राग आला की मी खाली जाऊन गिरणीवाल्याशी भांडून आले. त्याची काही चूक नव्हती. वर आले तर वच्छलाताई भिंतीला न टेकता, हात सोडून सरळ उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, “मले ताप होता, म्हनून मी खुर्चीवर बसली.” पूर्णविराम. बाईंचे डोळे भरलेले. मी पीठ गेलं का म्हणून विचारलं नाही.

पुढच्या तारखेला गुळगुळीत वकील आरामात होते. बहुधा त्यांना वाटलं, आता फक्त शेवटचा हात फिरवायचा.

“तुम्ही बसल्यामुळे ती खुर्ची नंतर स्वच्छ करून घ्यावी लागली, हे खरं आहे?”

हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. बाईंनी झटकन मान वर केली.

वच्छलाताई कठड्याला न धरता उभ्या होत्या. “खरं हाये,” त्या म्हणाल्या. “ते खुर्ची रोज मीच पुसतो. त्या दिवशी मी बसली म्हनून दुसरीकडून धुवून घेतली. तिनंच मले सांगतलं, अन् सांगताना ते रडत होती.”



न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “खुर्ची का धुतली?” त्यांनी वकिलांना विचारलं.

“नियमित स्वच्छतेचा भाग आहे, सर.”

“नियमित स्वच्छता असेल तर या बसल्यामुळे करावी लागली, असं तुम्ही का विचारलंत?”

वकिलांनी लॅपटॉपकडे पाहिलं.  न्यायाधीशांनी प्रश्न आणि उत्तर, दोन्ही शब्द न् शब्द टाइप करून घेतलं. मग वच्छलाताईंना “पाणी हवं का?” असं विचारलं, आणि त्या “नको साहेब, माहं बोलनं झालं” म्हणाल्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. कामावर परत घ्या, फोटो ताबडतोब उतरवा. फोटो उतरवायला बाई स्वतः हडपसरला गेल्या, मलाही नेलं. सिक्युरिटीवाल्याने चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि फोटो चुरगळायला लागला तेव्हा वच्छलाताईंनी तो मागून घेतला. आत जाणाऱ्या वस्तीतल्या बायका थांबून बघत होत्या. त्यातली ती कुलूप लावणारी शेजारीण पुढे आली, वच्छलाताईंच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला रडू आलं. सांगून टाकते, हो, आलं. तिथे पीठही नव्हतं.

दोनतीन आठवड्यांनी वच्छलाताई पेढे घेऊन आल्या. वेताच्या खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. कंपनीने कोर्टाचा मान राखून हाऊसकीपिंगच्या बायकांसाठी खास खुर्ची ठेवली होती. बाथरूमच्या बाजूच्या बोळात, प्लॅस्टिकची, पाठीवर रंगाने ‘एच.के.’, म्हणजे हाऊसकीपिंग, असं लिहिलेली. बाकीच्या खुर्च्यांवर बसायचं नाही, या एका खुर्चीवर बसायचं.

बाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. “वेगळी खुर्ची?” त्या एवढ्या हळू म्हणाल्या की मी घाबरले. मग आवाज चढला. “वेगळा कप झाला, वेगळी लिफ्ट झाली, आता वेगळी खुर्ची? नाव घालून? पुणेकर, कागद घ्या. आजच्या आज अर्ज टाकतो. यायच्या बापाची...”

“बाई,” वच्छलाताई म्हणाल्या.

“थांबा वो तुमी. मी पाहतो त्यायले.”

“बाई, आधी आमाले बसू तं द्या.”

बाई थांबल्या. मी कागद घेऊन तशीच.

“पाळीपाळीनं बसतो आमी,” वच्छलाताई सांगत होत्या. “त्या गंगूच्या पायाले सूज हाये, ते जास्त वेळ बसते. फिनेलच्या कॅनवर बसून बसून कंबर गेली होती वो सगळ्यायची. तुमी आज अर्ज टाकसान तं उद्या ते तेवढी बी उचलून नेतीन.”

बाईंनी ताईंकडे पाहिलं. चाळीस पिढ्यांचा राग एका बाजूला आणि गंगूचे पाय दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमच्या बाई. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. कोर्टात हरल्यावरही नाही.

“पाठ टेकते का तिला?” शेवटी त्यांनी विचारलं.

“टेकते.”

“हात आहेत?”

“दोन्ही हायेत.”

“मग बसा,” बाई म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकला. मला कागद ठेवून द्यायची खूण केली. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. जिना उतरताना माझा हातही धरला नाही.

पुढे वर्षभर त्यांनी त्या केसचं नाव काढलं नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाल्या, “पुणेकर, केस कोणाची?” आणि मी दुसरी फाईल उघडली. मनातून मला वाटायचं की आपण अर्धवट सोडलं. बाईंनाही तसंच वाटत असणार, कारण त्या मधूनच वऱ्हाडीत पुटपुटायच्या.

मग एका शनिवारी जिना धडधडला. वच्छलाताई पुढे, मागे गंगू, तिच्या मागे त्या मजल्यावरच्या झाडून सगळ्या बायका, कंपनीच्या निळ्या गणवेशात. कुणी दारात थांबलं नाही, कुणी फरशीकडे बघितलं नाही. हाताला येईल ती खुर्ची ओढून सगळ्या बसल्या. गंगू मखमलीच्या खुर्चीत बसली आणि पाय पसरले.

वच्छलाताईंनी पदराने मान पुसली.

“बसून झालं, बाई,” त्या म्हणाल्या. “आता भांडू.”